शेवटून पहिला नंबर

तिकीट काढताना भाडं स्वस्त दिसलं की पाठोपाठ शंका येते, "कंपनी बरी आहे ना?" मग शोधाशोध होते आणि कुठली तरी यादी सापडते. विमान कंपन्यांचे गुणवत्तेनुसार लावलेले नंबर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तळाच्या दोन-चार नावांत बहुधा एखादी अशी कंपनी असते, जी लहान लहान विमानं घेऊन आडबाजूच्या गावांना मोठ्या शहरांशी जोडते. वाचणारा तिच्या नावावर मनातल्या मनात फुली मारून मोकळा होतो.

या प्रकरणातला प्रश्न त्या फुलीबद्दल आहे. शेवटून पहिला नंबर आलेली कंपनी खरोखरच सगळ्यात वाईट असते का? की ती जिथे उडते, ज्या विमानाने उडते आणि ज्याच्यासाठी उडते, त्याचेच गुण तिच्या प्रगतिपुस्तकात पडतात?

उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण तिथे हा प्रकार सगळ्यात जुना आणि उघड्यावर आहे.

1. यादी बनते कशी

ब्रेंट बोवेन आणि डीन हेडली या दोन प्राध्यापकांनी 1991 मध्ये 'एअरलाइन क्वालिटी रेटिंग' सुरू केलं. त्यांची भूमिका सरळ होती. प्रवाशांना "सेवा आवडली का?" असं विचारलं की उत्तर त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. त्यापेक्षा कंपन्यांना सरकारकडे दरमहा जे आकडे द्यावेच लागतात, तेच घ्यायचे आणि त्यांचं गणित करायचं. सुरुवातीला घटक पुष्कळ होते. पुढे चारच उरले.

पहिला घटक वेळ. ठरलेल्या वेळेनंतर 15 मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान 'वेळेवर' धरतात. दुसरा, तिकीट हातात असूनही मर्जीविरुद्ध विमानात न घेतलेले प्रवासी. तिसरा, सामान हरवणं, उशिरा येणं किंवा मोडणं. चौथा, सरकारकडे गेलेल्या तक्रारी. पहिल्याचे गुण मिळतात, बाकी तिघांचे कापले जातात.

कुठल्या घटकाला किती महत्त्व द्यायचं, हे विमान व्यवसायातल्या जाणकारांना विचारून ठरवलं. प्रवाशाला काय किती महत्त्वाचं वाटत असेल, याचा त्यांनी शून्य ते दहात अंदाज दिला. त्यातून वजनं आली: वेळेला 8.63, नाकारलेल्या प्रवाशांना 8.03, सामानाला 7.92, तक्रारींना 7.17. चौघांची बेरीज 31.75. गुणाकार करून बेरीज-वजाबाकी करायची आणि शेवटी 31.75 ने भागायचं. झाला गुणांक.

वजनं पाहिली तर चारही घटक जवळपास सारख्याच तोलाचे वाटतात, आणि वेळ तर सगळ्यांत वर. इथेच गंमत आहे.

2. सामानाचं पारडं

प्रत्येक घटक वेगळ्या मापाने मोजलेला आहे. वेळ अपूर्णांकात, म्हणजे 80 टक्के विमानं वेळेवर आली तर 0.80. नाकारलेले प्रवासी दर 10,000 मागे. सामानाच्या तक्रारी, 2018 पर्यंत तरी, दर 1,000 प्रवाशांमागे. सरकारी तक्रारी दर लाखामागे.

दोन काल्पनिक कंपन्या घेऊ. पहिलीची 90 टक्के विमानं वेळेवर येतात. दुसरीची फक्त 60 टक्के. दोघींचे नाकारलेले प्रवासी 10,000 मागे 1, तक्रारी लाखामागे 1. फरक एवढाच की पहिलीकडे हजार प्रवाशांमागे 5 जणांच्या सामानाचा घोळ होतो, दुसरीकडे 4 जणांच्या.

पहिली: 8.63 × 0.90 म्हणजे 7.77. त्यातून 8.03, 39.60 आणि 7.17 वजा. उरले उणे 47.03. भागिले 31.75, गुणांक उणे 1.48.

दुसरी: 8.63 × 0.60 म्हणजे 5.18. त्यातून 8.03, 31.68 आणि 7.17 वजा. उरले उणे 41.70. गुणांक उणे 1.31.

दुसरी जिंकली! तिची शंभरातली चाळीस विमानं उशिरा येतात, तरी हजारात एक बॅग कमी चुकली म्हणून ती वर. वेळेचा आकडा शून्य आणि एक यांच्या मध्येच कुठेतरी राहणार. सामानाचा आकडा मात्र तीन, सात, कधी दहाच्याही पुढे जातो. 7.92 ला सातने गुणा आणि 8.63 ला 0.73 ने गुणा, म्हणजे कळेल की पारडं कोण खाली ओढतंय. हजारात एक चुकलेली बॅग म्हणजे वेळेचे सुमारे 92 टक्के गुण पाण्यात. वजनं ठरवणाऱ्या जाणकारांच्या मनात हे होतं, असं मला वाटत नाही. त्यांनी वेळेला सर्वांत जास्त महत्त्व दिलं होतं. मापं एकत्र करताना ते हरवलं. म्हणून या यादीत जवळजवळ सगळ्यांचे गुण उणे येतात, आणि यादी म्हणायला गुणवत्तेची असली तरी ती बरीचशी सामानाची यादी असते.

आता सुरुवातीच्या त्या छोट्या विमानांच्या, म्हणजे प्रादेशिक कंपनीकडे येऊ, कारण सामान हे तिचं सगळ्यात नाजूक दुखणं. तिचे बरेचसे प्रवासी मोठ्या विमानातून उतरून छोट्या विमानात बसणारे असतात. मधे वेळ थोडा. माणूस धावत दुसऱ्या गेटवर पोहोचतो, बॅगेला पाय नसतात. विमान लहान, त्यामुळे वजन जास्त होतंय असं दिसलं की थोडं सामान पुढच्या फेरीवर ढकलावं लागतं. बॅग आली नाही हे कळतं शेवटच्या मुक्कामावर, आणि तिथे प्रवाशाला घेऊन आलेलं विमान प्रादेशिक कंपनीचं असतं.

3. रंग एकाचा, वैमानिक दुसऱ्याचा

अमेरिकेत 'डेल्टा कनेक्शन', 'युनायटेड एक्सप्रेस', 'अमेरिकन ईगल' अशी नावं रंगवलेली छोटी विमानं सर्रास दिसतात. त्यातली बरीच विमानं डेल्टा किंवा युनायटेड उडवतच नाही. उडवणारी कंपनी निराळी असते, उदाहरणार्थ युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावची स्कायवेस्ट. करार साधारण असा: मोठी कंपनी मार्ग ठरवणार, वेळापत्रक ठरवणार, तिकिटं विकणार, भाड्याचे पैसे घेणार. छोटी कंपनी वैमानिक, कर्मचारी आणि देखभाल पुरवणार आणि तिला दर फेरीमागे ठरलेली रक्कम मिळणार. विमान भरून गेलं काय नि रिकामं गेलं काय, तिला फरक पडत नाही.

हा प्रकार फोफावला 1978 नंतर. त्या वर्षी अमेरिकेने विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. मोठ्या कंपन्यांनी एकेक शहर मुख्य ठाणं म्हणून धरलं आणि आसपासच्या गावांतले प्रवासी तिथे आणून पुढे पाठवायला सुरुवात केली. त्या ने-आणीसाठी लहान विमानं लागली. मोठ्या कंपनीच्या वैमानिकांची संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातल्या करारांनी ही लहान विमानं लहानच राहतील याचीही सोय केली. आजही बहुतेक करारांत 76 आसनांची मर्यादा आहे.

म्हणजे वेळापत्रक एकाने आखायचं, उशीर दुसऱ्याच्या नावावर पडायचा. 50 मिनिटांच्या उड्डाणात वाऱ्याचा हिशेब धरून दहा मिनिटं जादा ठेवायची की नाही, हे उडवणारी कंपनी ठरवत नाही. अनेक विमानतळांवर बॅगा चढवणारी माणसंही तिची नसतात. सरकारी आकड्यांत मात्र कित्येक वर्षं उडवणाऱ्याचंच नाव लागत होतं.

न्यायाने एक उलटी बाजूही सांगायला हवी. तक्रार करणारा प्रवासी तिकिटावरचं नाव लिहितो. स्कायवेस्ट ही काय भानगड आहे हे त्याला ठाऊकच नसतं. त्यामुळे चौथ्या घटकात छोट्या कंपनीचं पुष्कळ पाप मोठीच्या खात्यात जमा होतं. पण दुसऱ्या भागातलं गणित आठवा: सामानापुढे हा फायदा कुठल्या कुठे वाहून जातो.

4. ढग आले की कोण थांबतं

अटलांटा हा जगातला सर्वाधिक प्रवाशांचा विमानतळ. या मानाला 1998 पासून फक्त 2020 या एका वर्षी खंड पडला. याच शहरात अटलांटिक साउथईस्ट एअरलाइन्स नावाची प्रादेशिक कंपनी होती आणि ती डेल्टासाठी उडायची. 2006 आणि 2007 या दोन्ही वर्षांच्या आकड्यांवर बोवेन-हेडली यादीत तिचा नंबर सगळ्यात शेवटचा आला. वर्तमानपत्रांतून "देशातली सर्वांत वाईट विमान कंपनी" अशी तिची ओळख झाली.

अटलांटावर दुपारचं वादळ आलं की काय होतं ते पाहू. मानू की एरवी तासाला 100 विमानं उतरतात आणि ढगांमुळे 70 च उतरू शकतील. हवाई वाहतूक नियंत्रण तेव्हा विमानांना निघायच्या गावीच रोखून धरतं, आकाशात घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा ते बरं. पण रोखायचं कुणाला? लांबून येणारी विमानं केव्हाच निघालेली असतात, आणि त्यांना सकाळीच थांबवायचं तर दुपारचं हवामान चार-पाच तास आधी अचूक सांगता यायला हवं. म्हणून बऱ्याचदा ठरावीक अंतराच्या आतलीच विमानं रोखतात. तासाभराच्या टप्प्यातली. म्हणजे प्रादेशिक कंपनीची.

दुसरा फटका त्यावरचा. उतरण्याच्या वेळा कंपन्यांना वाटून दिल्यावर कुठलं विमान पुढे काढायचं आणि कुठलं मागे, हे मोठी कंपनी ठरवते. एका विमानात 180 प्रवासी, दुसऱ्यात 50. तुम्ही ठरवणारे असाल तर काय कराल? मीही तेच करीन. 180 जणांना आधी उतरवीन, 50 जणांचं विमान उशिरा सोडीन किंवा रद्द करीन. एकूण प्रवाशांचा विचार केला तर निर्णय शहाणपणाचाच आहे. फक्त यादीत मोठ्या कंपनीचं विमान वेळेवर दिसतं आणि छोटीचं उशिरा. एकीच्या अंकाची किंमत दुसरीने चुकवलेली असते.

त्यातून लहान विमान दिवसात सहा-सात फेऱ्या मारतं. सकाळच्या फेरीला झालेला अर्धा तास रात्रीपर्यंत मागे लागतो. लांब पल्ल्याचं विमान हवेत थोडा वेळ भरून काढतं. 50 मिनिटांच्या उड्डाणात भरून काढायला जागाच नसते.

अमेरिकन सरकार 2003 पासून उशिराची कारणंही वेगळी नोंदवून घेतं: कंपनीची चूक, टोकाचं हवामान, हवाई वाहतुकीची कोंडी, सुरक्षा तपासणी, आधीचं विमान उशिरा येणं. माहिती उपलब्ध आहे. चार घटकांच्या सूत्रात मात्र उशीर म्हणजे उशीर, कारण काही असो.

5. ॲस्पेनची गरम दुपार

कोलोरॅडोतल्या ॲस्पेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 7,800 फुटांवर, डोंगरांच्या कुशीत आहे. 95 फुटांहून जास्त पंखविस्ताराच्या विमानांना तिथे बंदी, त्यामुळे प्रवासी वाहतूक प्रादेशिक जेटवरच चालते. इतक्या उंचीवर हवा आधीच विरळ. उन्हाळ्याच्या दुपारी ती तापून आणखी विरळ होते आणि पंखांना उचल कमी मिळते. धावपट्टी लांबवता येत नाही, मग वजन कमी करायचं. वजन म्हणजे इंधन, सामान आणि माणसं. इंधन फारसं कमी करता येत नाही, कारण धुक्यामुळे दुसरीकडे उतरावं लागलं तर ते लागणार. राहिली माणसं आणि त्यांच्या बॅगा.

गेटवर चार प्रवाशांना थांबवलं तर दुसऱ्या घटकात चार जणांची भर पडते. मोठ्या कंपनीने हावरेपणाने जास्त तिकिटं विकून चौघांना थांबवलं, तरी भर चौघांचीच. अमेरिकन सरकारलाही हा फरक कळतो. 60 किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानात सुरक्षिततेसाठी वजन कमी करताना कुणाला थांबवलं, तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. भरपाईच्या नियमात दिलेली सूट गुणांच्या सूत्रात नाही.

6. सगळीकडे पुढे, तरी मागे

आता या विषयातलं सगळ्यात चमत्कारिक उदाहरण. जून 1991 चे आकडे, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या दोन कंपन्या: अलास्का एअरलाइन्स आणि अमेरिका वेस्ट. पाच विमानतळांवर उशिरा आलेल्या विमानांचं प्रमाण असं होतं:

लॉस एंजेलिस: अलास्का 11.1 टक्के, अमेरिका वेस्ट 14.4.
फिनिक्स: 5.2 आणि 7.9.
सॅन डिएगो: 8.6 आणि 14.5.
सॅन फ्रान्सिस्को: 16.9 आणि 28.7.
सिअ‍ॅटल: 14.2 आणि 23.3.

पाचही ठिकाणी अलास्का सरस. सिअ‍ॅटलमध्ये तर फरक नऊ टक्क्यांचा. आता पाचही विमानतळांची बेरीज करा. अलास्काची 3,775 पैकी 501 विमानं उशिरा, म्हणजे 13.3 टक्के. अमेरिका वेस्टची 7,225 पैकी 787, म्हणजे 10.9 टक्के. एकूण निकालात अमेरिका वेस्ट पुढे!

आकडे खोटे नाहीत, बेरीज चुकलेली नाही. अलास्काच्या 3,775 पैकी 2,146 विमानं पावसा-धुक्याच्या सिअ‍ॅटलला उतरत होती. अमेरिका वेस्टच्या 7,225 पैकी 5,255 विमानं लख्ख उन्हाच्या फिनिक्सला. एकूण टक्केवारीत कंपनीच्या कामगिरीपेक्षा तिच्या गावचं हवामान जास्त मोजलं गेलं. संख्याशास्त्रात याला 'सिम्प्सनचा विरोधाभास' म्हणतात.

आपल्या एसटीचंच बघा. द्रुतगती मार्गावरून पुणे-मुंबई करणारी शिवनेरी आणि पावसाळ्यात घाट चढून वरच्या वाडीला जाणारी मुक्कामी गाडी, दोघींच्या वेळा एकाच वहीत लिहून मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला कुणी आळशी म्हटलं, तर डेपोतले लोक हसतील. तुलना करायची तर दोन ड्रायव्हरांना एकाच घाटात गाडी घालायला सांगितलं पाहिजे. विमानांच्या बाबतीत हे करता येतं: त्याच विमानतळावर, त्याच तासाला उतरणाऱ्या कंपन्यांची आपसात तुलना करायची. काम किचकट आहे, आणि बातमीला हवा असतो एकच नंबर.

7. पण म्हणून सगळंच माफ?

नाही. प्रादेशिक कंपन्यांच्या खऱ्या चुकाही आहेत आणि त्या हवामानावर ढकलता येत नाहीत.

2004 च्या नाताळात सिनसिनाटीजवळ मुख्य ठाणं असलेल्या कोमेअर या कंपनीने एका दिवसात सुमारे 1,100 विमानं रद्द केली. त्या आठवड्यात मोठं हिमवादळ झालं होतं हे खरं. पण कंपनी आडवी पडली ती संगणकामुळे. कुठला वैमानिक कुठल्या विमानावर, हे लावणारी तिची प्रणाली जुनी होती आणि ती महिन्याला सुमारे 32,000 च बदल पेलू शकत होती. वादळात बदल करता करता ती मर्यादा ओलांडली गेली आणि सगळंच ठप्प झालं. हा दोष कोमेअरचाच. याद्यांनी असला दोष पकडला तर त्यांचं कौतुक करावं.

आणि जे सगळ्यात महत्त्वाचं, ते यादीत नसतंच. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कॉन्टिनेंटल कनेक्शन नावाने उडणारं विमान कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, असे 50 जण गेले. विमान चालवत होती कोलगन एअर नावाची प्रादेशिक कंपनी. चौकशीत वैमानिकांचं प्रशिक्षण, थकवा आणि तुटपुंजा पगार या गोष्टी पुढे आल्या. त्यानंतर 2010 च्या कायद्याने तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांवर विमान प्रत्यक्षात कोण उडवणार, ते पहिल्याच वेळी दाखवणं बंधनकारक केलं. वेळ, सामान, नाकारलेले प्रवासी आणि तक्रारी या चारही घटकांत एखादी कंपनी अव्वल असेल, तरी तिच्या वैमानिकाची झोप पुरी झाली आहे का, हे सूत्राला कळायचा मार्ग नाही.

सरकारी हिशेबात एक मोठी दुरुस्ती 2018 मध्ये झाली. तोवर देशांतर्गत प्रवासी उत्पन्नाच्या किमान एक टक्का वाटा असलेल्या कंपन्यांनाच आकडे द्यावे लागत. त्याहून छोट्या कंपन्या यादीतच नसत, म्हणजे 'शेवटची' याचा अर्थ मोजलेल्यांत शेवटची. ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. शिवाय मोठ्या कंपन्यांना आपल्या नावाने उडणाऱ्या प्रादेशिक विमानांचेही आकडे आपल्याच खात्यात दाखवावे लागू लागले. सरकारी अहवालात आता दोन्ही दिसतं: उडवणाऱ्याचा हिशेब आणि तिकीट विकणाऱ्याचा हिशेब. डेल्टाने आपलं विमान पुढे काढून जोडीदाराचं रखडवलं, तर दुसऱ्या हिशेबात ते तिच्याच अंगावर येतं.

8. आपल्याकडे

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दरमहा देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढतं. वर्तमानपत्रांतल्या "अमुक कंपनी सर्वांत वक्तशीर" या बातम्या त्यातूनच येतात. वक्तशीरपणा मोजतात तो निवडक महानगरांच्या विमानतळांवर. कोल्हापूर-हैदराबाद विमान या हिशेबात शिरतं ते हैदराबादमुळे. 2025 मध्ये गोव्याच्या फ्लाय 91 ने सुरू केलेली सोलापूर-गोवा सेवा दोन्ही टोकांना त्याच्या बाहेर. सोलापूरकराला आपलं विमान वेळ पाळतं का, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

आपल्या प्रादेशिक कंपन्यांची गोष्ट अमेरिकेहून वेगळीही आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर किंवा फ्लाय 91 आपलं तिकीट आपल्याच नावाने विकते. त्यामुळे तिसऱ्या भागातला रंगाचा घोळ इथे कमी. इथला घोळ लहान आकड्यांचा आहे, आणि तो रद्द झालेल्या विमानांच्या तक्त्यात दिसतो. समजा एका कंपनीची दिवसाला दोनच उड्डाणं आहेत, महिन्याची 60. डिसेंबरात तीन सकाळी धुकं पडलं आणि जाणं-येणं धरून 6 उड्डाणं रद्द झाली. प्रमाण झालं 10 टक्के. दिवसाला 2,000 उड्डाणं करणाऱ्या कंपनीला तेवढं प्रमाण गाठायला महिन्यात 6,000 विमानं रद्द करावी लागतील. पुढच्या महिन्यात धुकं नसेल तर छोटीचं प्रमाण शून्य. एका महिन्यात ती शेवटची, दुसऱ्या महिन्यात पहिली, आणि मधल्या काळात कंपनीत तर काहीच बदललेलं नसतं. अशा कंपनीचा एका महिन्याचा आकडा छापायचाच असेल, तर शेजारी एकूण उड्डाणं किती होती तेही छापावं. तक्त्यात एक रकाना वाढेल, एवढंच.